फणसाच्या पानांचे घागरे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी राक्षसीण आहे. घाबरू नका, दात रंगवलेले आहेत. सत्यवतीच्या आजोबांनी मला पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलं. डोळे एवढे मोठे काढले, की पहिल्याच खेळात पुढे बसलेला फौजदार टोपी टाकून थेट विजयदुर्गाला पळाला. खोटं वाटतं? तिथे जाऊन बिनटोपीचा फौजदार शोधा.

आमची वाडी कुडाळकडची, ठाकर आदिवासींची. इथे कळसूत्री बाहुल्या नाचवतात. सत्यवती माझ्या दोऱ्या धरायची. खेळात मी वाट चुकलेल्या राजकन्येला खांद्यावर बसवून खाडीपार पोचवायचे. आधी पोरं मला बघून रडायची आणि निघताना माझ्याच गालाला हात लावायची. पुढे घरोघरी टीव्ही आला नि मी पेटीत पडले. माझी एक वेणी उंदरांनी नेली, बहुतेक लग्नात घालायला.

गेल्या वर्षी वाडीत सिनेमावाले आले. डायरेक्टरने फणसाच्या पानांचे घागरे शिवून आणले होते. सत्यवतीची नात अक्षया कॉलेजातून येत होती, तिच्याच हातात त्याने एक दिला.

"हे घाला आणि शेकोटीभोवती हू-हू करत नाचा."

"आमच्यात असं कोण नाचतं?"

"सिनेमातले आदिवासी असेच नाचतात."

मग त्याने सत्यवतीच्या पडवीतली पेटी उघडून मला बाहेर काढलं. "वा! ही यांची रक्त पिणारी देवी. शेवटी हिरो हिला शेकोटीत टाकणार."

मला घाम फुटला, मित्रांनो. सुकं लाकूड ते, भुर्रकन पेटलं असतं.

सत्यवती शांतपणे म्हणाली, "जाळ रे बाबा. पण तिका पेटीतून काढलंस, आता तिची कथा सांगूक व्हयी. आणि कथा सुरू झाली काय पुरी होयसर कोणीच उठूचा नाय. आमची रीत आसा ती."

"किती वेळ लागेल?"

"झाली काय झाली."

सगळे बसले. अक्षयाने डमरूसारखी छोटी हुडूक वाजवायला घेतली. सत्यवतीने माझ्या दोऱ्या धरून गणपतीला नमन केलं, मग गावोगावच्या देवांना, मग कॅमेऱ्यालासुद्धा. डायरेक्टर सारखा घड्याळ बघत होता. पण राजकन्या खाडीत उतरली आणि भरती आली, तसा तो पुढे सरकला.

"बुडते की काय ती?"

"गप ऱ्हव. मदी बोललंस तर परत पयल्यापासून."

मी राजकन्येला पलीकडे उतरवलं, तेव्हा सूर्य कलला होता. आणि मागे शेजारच्या भाईच्या शेळ्या शेवटचा घागरा चघळत होत्या. सगळ्यांना दिसत होतं, पण कथेतून उठून त्यांना हाकलणार कोण?

डायरेक्टर उरलेल्या नाड्यांकडे बघत राहिला. "आता ही माणसं घालणार काय?"

"आंगावर कापडां आसत मा आमच्या," सत्यवती म्हणाली.

त्याने नाड्या गुंडाळून बाजूला ठेवल्या. मग हसला. "आजी, उद्या हिला परत खाडी ओलांडू दे. मी कॅमेरा लावतो. शेकोटी नको."

त्या सिनेमात आता अक्षया कॉलेजच्याच कपड्यांत हुडूक वाजवते. मी तर हिरोपेक्षा जास्त वेळ दिसते, असं मी सगळ्या बाहुल्यांना सांगते.

मित्रांनो, पडद्यावर कोणी पानं गुंडाळून हू-हू करताना दिसलं, तर तेवढ्यावर जाऊ नका. त्या माणसांच्या वाडीत जा, त्यांच्याशी बोला, चहा प्या. आणि कोणाच्या घरी अशी लाकडी म्हातारी पेटीत दिसली, तर तिला तेलाचा हात लावून उन्हात बसवा. तुमचं नाव काय ते ती दोऱ्यांशिवाय विचारेल.