थंड डोक्याची गाडी

मिस्त्रींना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते जरा शहाणपणाने बोलले असते. पण टॅक्सीवाला गॅरेजच्या दारात उभा राहून सहज म्हणाला, "मिस्त्री, तुमची गाडी हल्ली पंपावर फार दिसते," आणि मिस्त्रींनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"नऊ देते लिटरला," ते म्हणाले. "महिन्याच्या आत बारा आणून दाखवतो. दोष शोधून काढतो आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. नाही जमलं तर या गॅरेजात पाऊल टाकणार नाही."

त्यांची लेक तेव्हा एका गाडीखाली होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबा, माझ्याकडे द्या ना. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"माझ्या गाडीला मी आहे. तू तुझं बघ."

"बरं," गाडीखालून उत्तर आलं. "महिनाअखेरीला बोलू मग."

ते 'बरं' मिस्त्रींना आवडलं नाही. गॅरेज चाळीस वर्षं त्यांचं होतं. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी ते लेकीच्या हवाली केलं आणि स्वतःसाठी दाराजवळचं एक लोखंडी स्टूल तेवढं ठेवलं. त्यावर बसून ते येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायचे आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत दुखणं सांगायचे. दहांतली सहा बरोबर निघायची. त्यांच्या आठवणीत नऊ. आता स्टूल गेलं की दिवसभर घर. बायकोने तर ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं, "अहो, तुम्ही घरी बसणार असाल तर मला बाहेर कुठेतरी काम बघावं लागेल."

तेव्हा मिस्त्री कामाला लागले. पद्धत त्यांची पक्की. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, मेहुणीच्या गावाला जाऊन यायचं, म्हणजे ऐंशी किलोमीटर, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल मावलं तेवढं गाडी प्यायली. बायको दर खेपेला सोबत. "लग्न झाल्यापासून माझ्या बहिणीकडे इतक्यांदा नेलं नव्हतंत," ती म्हणाली. "गाडी लवकर बरी करू नका."

पहिल्या आठवड्यात त्यांनी एअर फिल्टर काढला. गिऱ्हाइकाला ते दरवर्षी बदलायला लावायचे. स्वतःचा सहा वर्षं उघडला नव्हता. आत इतकी माती की त्यात भाजी लावता आली असती. प्लग काढले तर काजळी धरलेल्या वातीसारखे काळेकुट्ट. काळा प्लग म्हणजे पेट्रोल धड न जळता वाया जातंय, हे मिस्त्री झोपेतही सांगू शकत होते. पण त्यांनी सगळं बालंट फिल्टरवर घातलं आणि दोन्ही बदलून टाकले. टायरात हवा कमी होती, तीही भरली. ॲव्हरेज आलं साडेनऊ.

मग डिकी. डिकीत 'उपयोगी पडेल' या सदरातलं सामान होतं. दोन मेलेले स्टार्टर, काहीच न उचलणारा एक जॅक, कुठल्या तरी गाडीचं बंपर, आणि हलवला की खुळखुळणारा एक मोठा पत्र्याचा डबा. सगळं मिळून सत्तर किलो तरी असेल. एवढं भंगार ते वर्षानुवर्षं फिरवून आणत होते. डबा न उघडताच त्यांनी घराच्या पायरीखाली सरकवला. ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने सुधारलं असं त्यांना वाटलं. पंपाला तसं वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मागचं चाक उचलून फिरवलं तर ते फिरेना. हँडब्रेकची तार गंजून अडकली होती आणि ब्रेक अर्धा लागलेलाच राहत होता. म्हणजे एका पायाने पळायचं आणि दुसऱ्याने जमीन उकरायची. त्यांनी तार बदलली, चाक मोकळं केलं. ॲव्हरेज साडेदहा. त्यांनी गॅरेजात जाऊन ते तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"दीड कमी आहे," लेक म्हणाली.

चौथ्या आठवड्यात सकाळी बरीच थंडी होती. मेहुणीच्या गावाचा अर्ध्याहून जास्त रस्ता सरला आणि बायकोने पाय सीटवर घेतले.

"अहो, हीटर लावा ना."

"लावलाय."

"कधी?"

"निघालो तेव्हाच."

तिने जाळीपुढे हात धरला. "ही नुसती फुंकर आहे. एवढी मीही घातली असती."

"हीटर बिघडला असेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांची नजर समोरच्या काट्यावर गेली. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा. तो तळाशी पडून होता. बारा वर्षं तो तिथेच पडून होता, आणि बारा वर्षं मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवून सांगत आले होते, की बघा, माझी गाडी थंड डोक्याची, कधी तापत नाही.

त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या जाड नळीवर हात ठेवला. तीस किलोमीटर पळालेल्या गाडीची ती नळी. हात भाजायला हवा होता. मिस्त्रींनी ती बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखी धरली, आणि बराच वेळ धरून ठेवली.

"सापडलं का काही?" बायकोने काच खाली करून विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. म्हणजे सापडलं होतं.

इंजिनातून पाणी रेडिएटरकडे जातं त्या वाटेवर एक छोटं झाकण असतं, थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन तापेपर्यंत ते वाट बंद ठेवतं, तापलं की उघडतं. कधीमधी ते बंदच अडकतं आणि इंजिन उकळतं. तरुणपणी मिस्त्रींच्या हातून अशी तीन इंजिनं गेली. तिसरं गेलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की झाकणच काढून टाकायचं. मग ब्रेक दुरुस्तीला आलेली गाडीसुद्धा त्यांच्याकडून थर्मोस्टॅट गमावूनच परत जायची, तेही फुकटात. 'पोट थंड तर गाडी ठणठणीत' हे त्यांचं वाक्य गिऱ्हाइकं एकमेकांना ऐकवायची. जुन्या गाड्यांनी मुकाट सोसलं. पण या गाडीत कॉम्प्युटरचा डबा होता. पाणी तापत नाही तोवर त्याला वाटतं, इंजिन आत्ताच झोपेतून उठलंय, त्याला पेट्रोल जास्त पाजा. बारा वर्षं त्या बिचाऱ्या गाडीची सकाळच संपली नव्हती.

आणि हे त्यांना एकदा सांगून झालं होतं. लेक तेव्हा एकोणीस वर्षांची, तंत्रनिकेतनातून नुकतीच शिकून आलेली. तिने तीन गिऱ्हाइकांसमोर म्हटलं होतं, "बाबा, ते झाकण काढू नका, गाडी पेट्रोल जास्त पिते." मिस्त्री म्हणाले होते, "पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त झाल्या असत्या तर वाचनालयात ग्रीस लागलं असतं." तिघं खो खो हसले होते. लेकही हसली होती, जराशी उशिरा.

घरी येऊन त्यांनी पायरीखालचा डबा उघडला. आत पितळी झाकणंच झाकणं. पराक्रमाची पदकं म्हणून जपलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मिस्त्रींनी कळसा डिकीत घालून त्याला मेहुणीच्या गावापर्यंत हिंडवलं होतं.

नवा थर्मोस्टॅट त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून आणला. केसांचा कलप घेणाऱ्या माणसासारखं इकडेतिकडे बघत. लेक गॅरेजात असताना तो घराच्या अंगणात बसवला. अर्ध्या तासाचं काम, गुडघ्यांनी दोन तास घेतले. मग शेवटची खेप. काटा मध्यावर आला तसे मिस्त्री सवयीने घाबरले आणि दोनदा थांबून इंजिन बघून आले. "आता पाय भाजतायत," बायको म्हणाली. पंपावर हिशेब लागला साडेबारा.

जिंकले होते. आता फक्त दोष काय होता ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. असली अट घालणारा गाढव कोण, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. रात्रभर त्यांनी विचार केला आणि ब्रेकचं नाव सांगायचं ठरवलं.

महिनाअखेरीला ते गॅरेजात गेले. टॅक्सीवाला वाटच बघत होता.

"साडेबारा," मिस्त्री स्टुलावर बसत म्हणाले.

"मानलं," टॅक्सीवाला म्हणाला.

लेक हात पुसत आली. "काय होतं?"

"मागचा ब्रेक जाम."

"तो तर तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडवलात. तेव्हा साडेदहा होतं."

"हळूहळू सुटला."

"बाबा, ब्रेक हळूहळू सुटत नाही."

टॅक्सीवाला छताकडे बघू लागला. मिस्त्रींना अजून पुष्कळ वाटा होत्या. पेट्रोल चांगलं मिळालं म्हणता आलं असतं. वारं पाठीमागचं होतं म्हणता आलं असतं. बॉनेट उघडून बघायला कुणी येणार नव्हतं. पण पंचाईत अशी, की पोरीने त्यांना पकडायला विचारलंच नव्हतं. सात वर्षांची असताना बॉनेटला हनुवटी टेकवून विचारायची, तसं विचारलं होतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"थर्मोस्टॅट नव्हता," मिस्त्री म्हणाले. "मीच काढला होता. तू तेव्हाच सांगितलं होतंस."

लेकीने फडकं खिळ्याला अडकवलं. "तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती समोर."

"आठवतंय."

"आज एकच आहे," ती टॅक्सीवाल्याकडे बघत म्हणाली. "दोन कमी पडतायत."

"मी बोलावून आणू का कुणाला?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"आणायची गरज नाही, येतील." ती वडिलांकडे वळली. "चार वर्षं मी झाकणं परत बसवतेय, बाबा. ऐकतात त्यांची. सात जण ऐकत नाहीत. म्हणतात, मिस्त्रींनी काढलंय, तू कोण बसवणारी? गाड्या धूर सोडतात, पेट्रोल पितात, आणि माझं तोंड बंद. त्या सातांना तुम्ही सांगायचं. इथेच बसून."

"सातही जणांना?"

"स्टूल हवंय ना?"

पहिले आले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"पोट थंड तर गाडी ठणठणीत, हे वाक्य कुणाचं?"

"माझं."

"मग?"

"चुकीचं होतं."

"मिस्त्री, मी ते वर्गात मुलांना सांगायचो. आरोग्याच्या तासाला." मास्तर लेकीकडे वळले. "वडिलांना बरं नाही का?"

"आज बरे आहेत," लेक म्हणाली.

मिस्त्री गुडघे धरत उठले. मास्तरांच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि नळीवर ठेवला.

"घरापासून इथवर किती?"

"अकरा किलोमीटर."

"कशी लागतेय?"

"कोमट."

"एवढा कोमट चहा घ्याल?"

मास्तरांनी उत्तरपत्रिका तपासावी तसा वेळ घेतला. "नाही घेणार," शेवटी ते म्हणाले. "पण काढलं तुम्ही, तर बसवायचंही तुम्हीच."

"ती बसवेल," मिस्त्री म्हणाले. "तिचं काम माझ्या..." बरोबरीचं आहे, असं ते म्हणणार होते. पण आज खरं बोलायचा दिवस होताच, तर तेवढंच कशाला मागे ठेवायचं. "माझ्यापेक्षा चांगलं आहे."

लेक तोवर पाने घेऊन आली होती. मिस्त्री परत स्टुलावर बसले. सहा उरले होते. त्यांतला एक बायकोचा भाऊ होता, आणि त्याच्यापुढे मास्तर म्हणजे अगदीच गरीब माणूस.