खिडकीपासून दारापर्यंत

मी एक जुनं टेबल आहे. अभ्यासाचं नाही आणि जेवणाचं तर नाहीच नाही! माझ्या मधोमध जाळी ताणतात आणि दोन्ही बाजूंनी मुली माझ्यावर चेंडू आपटतात. मार खायलाच जन्माला आलंय बिचारं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल. पण मित्रांनो, चेंडूचा मार मला कधी लागला नाही. लागलं ते दुसरंच काहीतरी, आणि तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म चीनच्या ईशान्येचा. तिथली नदी निम्मं वर्ष गोठलेली असते. भूर्जाच्या लाकडाचे पातळ थर एकावर एक रचून मला दाबलं, घासलं आणि गडद हिरवा रंग दिला. आम्ही सगळी भावंडं कारखान्यात रांगेनं उभी असताना तुंग सर आले. प्रांताच्या मुलींच्या टेबल टेनिस संघाचे ते प्रशिक्षक. बुटके, टोपी कानांपर्यंत ओढलेली, खिसे सूर्यफुलाच्या बियांनी फुगलेले.

"साहेब, हे घ्या. चकाकी बघा काय आहे!" विकणारा म्हणाला.

"चकाकीच हवी असती तर आरसा घेतला असता," सर म्हणाले.

त्यांनी खिशातल्या बियांच्या ढिगातून एक चेंडू शोधून काढला. जाळीपाशी, कडेला, कोपऱ्यांत, सगळीकडे तो टाकत गेले आणि कान खाली करून ऐकत राहिले. चेंडू कुठे जास्त उडाला नाही, कुठे मेल्यासारखा बसलाही नाही. "हे खोटं बोलत नाही," ते म्हणाले, "हे आमचं पहिलं टेबल." मला छाती असती तर ती तेव्हा नक्की फुगली असती!

पहिलं टेबल म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचं सरावाचं दालन लांबलचक. एका टोकाला मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला दार, आणि त्यामध्ये टेबलांची एक रांग. खिडकीजवळचं पहिलं, दाराजवळचं शेवटचं. दर शनिवारी सगळ्या टेबलांवर एकदमच सामने सुरू होत, फेरीमागून फेरी. जिंकली ती एक टेबल खिडकीकडे सरकायची, हरली ती एक टेबल दाराकडे. मधोमध एक जाडजूड खांब होता. वर्ष संपताना जी खांबाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला, ती संघात. जी अलीकडे, ती लहान असेल तर अजून एक वर्ष शिकायची, आणि मोठी असेल तर घरी जायची. घरच्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कितव्या टेबलावर आहेस?" जेवलीस का, हे त्यानंतर.

मेंग शू आली तेव्हा इतकी लहान होती, की तिची हनुवटी माझ्या कडेपर्यंत जेमतेम पोचायची. तिची आई एका छोट्या गावात रेल्वे स्टेशनवर जियाओझ विकायची. जियाओझ म्हणजे कोबी नाहीतर मटण भरलेल्या उकडलेल्या करंज्या. शू दाराशी सुरुवात करून वर्षं घालवत, रडत, हसत, खांब ओलांडून माझ्यापर्यंत आली. तिचा फोरहँडचा फटका असा होता, की गोठलेली फांदी मोडावी तसा आवाज व्हायचा. कडाड्! डोळे मिटूनही ओळखावा.

माझ्या दुसऱ्या बाजूला रूओलान असायची. उंच, अबोल, आणि सगळ्या प्रांताची आशा. शरदात देशाची मोठी स्पर्धा होती आणि सगळ्यांना तिच्याकडून सुवर्णपदकच हवं होतं. खानावळीतला आचारीसुद्धा तिच्या ताटात मटण जास्त वाढायचा. "खा, पोरी, खा! पदक फार जड असतं म्हणतात. मान मोडायला नको."

पण दक्षिणेकडची एक खेळाडू रूओलानला भारी पडायची. ती टेबलापासून लांब उभी राहून प्रत्येक चेंडू कापून, म्हणजे बॅट खाली घासत उलटी फिरकी देऊन, परत द्यायची. फटका नाही, घाई नाही, नुसतं सर्र, सर्र. समोरची थकून चुकेपर्यंत. अशा वेळी आमच्याकडे एक पद्धत आहे. आपल्यातलीच एक मुलगी निवडायची आणि तिनं त्या प्रतिस्पर्ध्याची हुबेहूब नक्कल व्हायचं.

तुंग सरांनी शूला हाक मारली.

"उद्यापासून बॅटला लांब दाण्यांचं रबर लाव, कापायला तेच लागतं. मागं जाऊन कापायचं. ती कापते अगदी तसं."

"आणि माझा फटका, सर?"

"तो ठेव गुंडाळून. स्पर्धेपर्यंत."

"शनिवारचे सामने?"

"त्यातून सुटलीस! तुझी जागा इथंच, पहिल्या टेबलाशी. कोण हलवतंय तुला?"

ते मनापासून बोलत होते. त्यांनी शूवर उपकारच केले असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. कारण आमच्या दालनात सगळ्यांनाच एक खोड होती. मुलगी कुठे उभी आहे तेवढंच आम्ही बघायचो.

शूनं काम झकास केलं. ती दक्षिणेकडची जशी जाळीजवळ तळहात पुसते, तसा हीसुद्धा माझ्या अंगावर पुसू लागली. मुली चिडवायच्या, "ए दक्षिणवाली, तिकडच्यासारखं जरा तिखट खा ना, अजून छान जमेल!"

"खाते की! आणि पदक दक्षिणेला नेलं तर तुम्हाला त्याचा वासही देणार नाही, जा!"

सगळ्या खिदळायच्या. पण घरून फोन आला की शू खिडकीकडे तोंड करून बोलायची. पलीकडून आईचा आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू यायचा. "पहिलं टेबल! अगं, अख्ख्या स्टेशनला सांगितलं मी!" शू म्हणायची, "हो, आई." एवढंच. पहिल्या टेबलावर आपण रोज हरतोय आणि आपलं कामच ते आहे, हे आईला सांगायचं तरी कसं?

उन्हाळ्यात नवी निळी टेबलं आली, स्पर्धेत असतात तशीच. चार माणसांनी मला फरफटत दाराशी नेलं. "जुनंय, लहान पोरींना चालेल." थंडी पडल्यावर माझ्यावर ओले हातमोजे पडू लागले, गरम पाण्याचे थर्मास उभे राहू लागले. ओलीनं माझी एक कड फुगली. वाईट वाटलं, पण राहू दे. माझी गोष्ट आता फार महत्त्वाची नाही.

तर शरदातल्या त्या स्पर्धेत रूओलान जिंकली! त्या दक्षिणेकडच्या मुलीलाच हरवून जिंकली. फटाके, ढोल, लाल पट्ट्या. शूनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पण तिला पुन्हा शनिवारच्या सामन्यांत घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मग वर्ष संपत आलं आणि निवड करायला क्रीडा कार्यालयातून एक बाई आल्या.

"मेंग शू कोण? ही तर स्पर्धेआधी शनिवारची खेळलेली नाही आणि नंतरही नाही."

"अहो, ती पहिल्या टेबलावर होती," तुंग सर म्हणाले, "रोज!"

"बरं. मग जिंकली कोणाविरुद्ध?"

सर टोपी काढून हातात फिरवत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "तिचं काम हरायचं होतं."

"आणि ते तिनं चोख केलं, मान्य आहे. पण न जिंकलेल्या मुलीला मी संघात कुठल्या तोंडानं घालू?" बाई दुष्ट नव्हत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, "येत्या शनिवारी दारापासून सुरू करू दे. खांब ओलांडला तर राहील."

त्या शनिवारी शू माझ्यापाशी आली. तिनं बॅटचं ते लांब दाण्यांचं रबर ओढून काढलं आणि स्वतःचं जुनं रबर चिकटवलं. समोर एक चिमुरडी होती.

"शूताई, हळू खेळ हं."

"हळू खेळले तर घरी जाईन गं, बाळा."

शू जिंकली आणि पुढच्या टेबलावर गेली. आता मला फक्त ऐकू येत होतं. कडाड्! जिंकली. आणखी पुढे. कडाड्! कडाड्! पुन्हा जिंकली. माझ्या लाकडाचा थर न् थर कान झाला होता. मग ती खांबाजवळच्या टेबलावर पोचली. तिथं चुआन नावाची धीट मुलगी होती. सामना शेवटच्या गुणापर्यंत गेला. चुआनकडून चेंडू उंच, अलगद आला, हे त्याच्या टप्प्यावरूनच मला कळलं. आता फक्त मारायचा! मी आवाजाची वाट पाहिली.

आवाज आला, सर्र.

हातानं कापलं. वर्षभर जे शिकवलं होतं तेच हातानं केलं. चेंडू आळसावून पलीकडे गेला आणि चुआननं तो मारला. संपलं.

जेवणाची घंटा झाली आणि दालन रिकामं झालं. शू दाराशी आली, अंगात कोट घातला आणि माझ्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मागून रूओलान आली. माझ्याखाली एक चेंडू गडगडत आला होता, तो तिनं वाकून उचलला.

"माझ्यामुळे कापलंस तू."

"तुझ्यामुळे काय! मीच शिकवलं ना हाताला."

"खेळ माझ्याशी. तुझा खेळ. वर्षभर मी तो पाहिलाच नाही."

"जेवण थंड होईल, रूओलान."

"होऊ दे."

रूओलाननं चेंडू उंच दिला. सर्र. पुन्हा तसाच दिला. सर्र. "पुन्हा," ती म्हणाली. "पुन्हा." घाम पुसत, न कंटाळता, पदक जिंकलेली ती मुलगी माझ्या फुगलेल्या कडेला सांभाळून चेंडू उंच देत राहिली. आणि मग...

कडाड्!

रूओलानची बॅट हललीसुद्धा नाही. "बाई गं! हे तू माझ्यापासून लपवून ठेवलंस?"

"मला सांगितलंच होतं लपवायला!" आणि मग कुठे शू रडली.

दारात तुंग सर उभे होते. हातात डबा. "शू, मी तुला..." त्यांनी डबा पुढं केला.

"सर, डबा माझा आहे का? फार भूक लागलीय."

तिनं तो माझ्यावरच ठेवून खाल्ला. कोबीचे जियाओझ. दुसऱ्या दिवशी सर तिची पिशवी स्वतः उचलून स्टेशनपर्यंत गेले. परत आल्यावर त्यांनी नियम बदलला. नक्कल करणारी मुलगीही आता दर शनिवारी स्वतःच्या बॅटनं स्वतःचा खेळ खेळते. शूला त्याचा काही उपयोग झाला नाही. तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. टेबलाला कोण कळवणार?

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडावर ओलं काही ठेवू नका, एवढं तर मागायलाच हवं. पण लाकूड फुगलं तर घासून सपाट करता येतं; माणसाचं तसं नसतं. तुमच्या शाळेत, तुमच्या संघातही दुसऱ्या कुणाच्या जिंकण्यासाठी रोज हरणारी एखादी शू असेल. तिला शोधा. तिच्यासमोर उभे राहा आणि चेंडू जरा उंच द्या. ती मारेपर्यंत देत राहा.