निरगुडीचा पाला आणि निझव्याचा फोटो

मित्रांनो, जुना झालो तरी मी कुणाच्या दयेवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी फोटोंचा अल्बम. सोनेरी कड विटली, पण लाल पुठ्ठा अजून ताठ आहे. आमच्या मालकिणीसारखा.

मला राहीबाईंनी मस्कतच्या बाजारात घेतलं. त्या म्हसा गावाजवळच्या, जिथं बैलांची जत्रा भरते. नवरा वारला, तेव्हा चार वर्षांची लेक हर्षाली आजीकडे ठेवून त्या मस्कतला एका मोठ्या घरी स्वयंपाकाला गेल्या. अकरा वर्षं राहिल्या. त्या घरच्यांबरोबर जिथं जिथं फिरल्या, तिथले फोटो माझ्या पोटात आले. सूरच्या बंदरातली लाकडी जहाजं, सलालाचे हिरवेगार डोंगर. पण सगळ्यांत लाडका तिकडच्या निझवा गावातल्या बकऱ्यांच्या बाजाराचा. चहूकडे बकऱ्या आणि मधोमध साडीतल्या राहीबाई, सगळे दात दाखवून हसणाऱ्या.

"आपल्या म्हशाला बैल, तिकडं बकऱ्या. पण दलाल सगळीकडं सारखेच लबाड!" त्या सांगू लागल्या की पाहुण्यांचा चहा गार व्हायचा. माझा काय थाट होता तेव्हा!

फक्त हर्षाली मला हात लावीत नसे. लग्नाआधी एकदाच म्हणाली, "आये, तू तिकडं हसत होतीस. मी इकडं येनारी-जानारी एष्टी बघत बसलेली." जिच्या जिभेला सगळा गाव भ्यायचा, त्या बाईनं त्या दिवशी मला मिटलं आणि ती चुलीकडं वळली.

यंदा राहीबाईंनी ठरवलं, मला शहापूरला हर्षालीच्या घरी द्यायचं. तिनं नको म्हटलं तर माझी जागा चुलीत, हे मला कळत होतं. कसर लागू नये म्हणून त्यांनी कणगीतल्या भातात घालतात तसा निरगुडीचा पाला माझ्या कप्प्याकप्प्यात सारला. भातात सुकवून घालतात. मला ओलाच घातला! वर अख्खा पावसाळा पेटीत बंद.

म्हशाच्या जत्रेला हर्षाली माहेरी आली. राहीबाईंनी मला तिच्या मांडीवर आदळलं.

"घे. मी मेल्यावर उघडशील, त्यापेक्षा आताच उघड."

तिनं उघडलं ते नेमकं निझव्याचं पान. पाला कुजून फोटोला चिकटला होता. तो काढताच त्याच्याबरोबर राहीबाईंचं तोंड निघून आलं.

"माझं तोंडच गेलं गो!"

हर्षाली मला मिटणार, तेवढ्यात थांबली. तोंड नव्हतं, म्हणून तिची नजर हातांवर गेली. हातांत एवढीशी चंदेरी चप्पल होती. बकऱ्यांनी ओढू नये म्हणून छातीशी धरलेली.

"आये, ही माझी चप्पल."

"मग काय बकरीची?"

"मला लहान झालेली ती. पायात गेलीच नाय."

"दोन वर्सांनी येनारीला माप कोन कळवनार? माझ्या डोळ्यापुढं तुझा चार वर्सांचाच पाय होता."

हर्षालीनं मला पहिल्या पानापासून उघडलं. सूरच्या फोटोत राहीबाईंच्या हातात फ्रॉकची पिशवी. सलालाला रिबिनीचं पुडकं. ते सगळं तिच्यासाठीच घेतलेलं, आणि तिच्यापर्यंत पोचलंही होतं.

शहापूरचा स्टुडिओवाला म्हणाला, दुसऱ्या फोटोतलं तोंड इथं बसवून देतो. हर्षाली म्हणाली, "नको. हातात काय हाय, ते नीट दिसतंय."

मित्रांनो, अल्बमला पाला घालाल तर कडकडीत सुकवून घाला, आणि वर्षातून एकदा तरी त्याला पेटीबाहेर काढा. काढलात की नुसती तोंडं बघून पान उलटू नका. हातही बघा.