चेस्टरची खुर्ची

पिट्सबर्गच्या टेकडीवर व्हर्नाचं घर, घराखाली दोनशे अकरा पायऱ्या, पायऱ्यांखाली नदी, आणि नदीकाठच्या वृद्धाश्रमात तिचा नवरा रे. राष्ट्राध्यक्ष कोण, हे रेला आता आठवत नसे. व्हर्नाला त्याचा हेवाच वाटे. बायकोचं नावही आठवत नसे. पण दहा वाजता कुणीतरी येतं आणि आपला हात हातात घेऊन बसतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. दहाला पाच कमी असतानाच तो दाराकडे तोंड करून बसे.

त्यासाठी व्हर्ना दारासमोरच्या थांब्यावरून नऊ चाळीसची बस धरायची. आणि तोच थांबा उठणार होता.

चर्चच्या तळघरात सभा भरली. नियोजन कचेरीतला ग्रेडन नावाचा तरुण भिंतीवर नकाशा लावून उभा होता. नकाशात झाडं होती, सायकली होत्या, हसरी माणसं होती. टेकडी तेवढी नव्हती.

"थांबे कमी झाले की बस जोरात धावेल," तो म्हणाला. "पुढचा थांबा चार मिनिटांवर आहे. हे पायी फिरण्याजोगं शहर होणार आहे, मॅडम."

"शहर होईल रे बाबा. गुडघ्यांचं काय?" व्हर्ना उठून म्हणाली. "आम्ही बोलायचं ते वॉशिंग्टनला जाऊन का?"

"निधी तिथंच अडकलाय खरा."

"हिच्याच लोकांनी अडकवलाय!" मागून चेस्टर दुडेक गरजला. चेस्टर म्हणजे व्हर्नाच्या शेजारचा विधुर. चाळीस वर्षं त्याच्या अंगणात एका पक्षाची पाटी आणि हिच्या अंगणात दुसऱ्याची.

"माझ्या लोकांनी? तुझा तो तोंडाळ सिनेटर काय भजन करतो तिथं?"

"त्याला तोंड तरी आहे! तुझ्या सिनेटरला कणा तरी आहे का?"

घंटी वाजली. माणशी तीन मिनिटं बोलायची मुभा होती, ती संपली. तीन मिनिटं वॉशिंग्टनात गेली आणि थांब्याचा विषय टेकडीवरच राहून गेला, बिनबोलाचा.

सोमवारी माणसं आली आणि दाताचा डॉक्टर दात उपटतो तसा थांब्याचा खांब उपटून घेऊन गेली. व्हर्ना खिडकीतून बघत राहिली. चेस्टर कुंपणापाशी आला, खाकरला आणि खांबाच्या खड्ड्याकडे एकदा बघून परत गेला.

त्या गावाची एक रीत आहे. बर्फ उपसून ज्यानं गाडीपुरती जागा केली, त्यानं तिथं घरातली खुर्ची ठेवायची. मग त्या खुर्चीला कुणी हात लावत नाही. माणूस महापौराला शिव्या देईल, रविवारची प्रार्थना बुडवेल, पण दुसऱ्याची खुर्ची हलवणार नाही. चेस्टरनं गाडी विकून सहा वर्षं झाली होती. खुर्ची मात्र रस्त्याकडेला उन्हाळ्यातसुद्धा उभीच. कुणी विचारलंही नव्हतं.

मंगळवारी नऊ अडतीसला त्यानं ती उचलली आणि भर रस्त्यात मांडली.

बस कचकन थांबली. "चेस्टर! खुर्ची काढ!" चालक ओडेसा ओरडली.

"काढतो की. कंबर जरा सरळ होऊ दे."

"इथं थांबा नाही आता!"

"नाहीच. खुर्ची आहे. घाई असेल तर तू उतरून हलव."

ओडेसा याच टेकडीवर वाढलेली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "आई कबरीतून उठून मला बदडेल," असं पुटपुटत तिनं दार उघडलं. "चढ गं व्हर्ना, लवकर!"

"याचा अर्थ मी तुझ्या पक्षाला मत देईन असं समजू नकोस," व्हर्ना पायरीवरून चेस्टरला म्हणाली.

"तुझ्या मताला विचारतोय कोण? बस आत!"

आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी ग्रेडन आला; बस रोज दोन मिनिटं कुठं अडते ते शोधत. खुर्ची दिसली तशी त्यानं सरळ उचलली. गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या, दोन्ही पक्षांच्या.

"ए! ठेव ती!"

"आईनं काही शिकवलं की नाही?"

बिचारा लालबुंद झाला. खुर्ची होती तिथंच ठेवली, वर रुमालानं पुसली, आणि वहीत लिहिलं, 'तात्पुरता अडथळा'. तेवढ्यात व्हर्ना बसमध्ये चढलीसुद्धा.

दहा वाजून दोन मिनिटांनी तिनं रेचा हात हातात घेतला आणि सगळी हकिकत सांगितली. तो नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम वळला. कित्येक महिन्यांत त्याच्या डोळ्यांत असा राग आला नव्हता.

"दुसऱ्याची खुर्ची उचलली?"

"उचलली रे."

"कुठला म्हणायचा हा?"

"बाहेरगावचा."

"तरीच," रे म्हणाला, आणि समजूत काढावी तसा तिचा हात थोपटत राहिला.