युरोपच्या जळणाची वही

मी वही बोलतेय. नाक मुरडू नका, धुराचा वास माझ्याच अंगाला येतोय. दोनशे पानांची होते, आता अकराच उरलीत.

माझे मालक राजन, नाशिकचे इंजिनिअर. नोकरी कुवेतमधल्या अहमदीत, तेलाच्या कंपनीत, आणि वेड लाकूडफाट्याचं! युरोपातला कोणता देश किती लाकूड, भुसा, पेंढा जाळतो, याचे आकडे तीन वर्षं माझ्यात उतरवत होते. फिनलंड-स्वीडन वर, ब्रिटन पार तळाशी. "तेल संपलं की जग मला विचारायला येईल," ते म्हणायचे.

"आधी भाजी कोण आणणार ते सांगा," सुचित्राबाई म्हणायच्या. राजनच्या पत्नी, इस्पितळात नर्स, मूळच्या देवरुखच्या. मला कुणी जागचं हलवलं तर राजन घर डोक्यावर घ्यायचे.

ऑगस्ट १९९०मध्ये इराकी सैन्य आलं आणि सगळंच बिनसलं. अहमदीजवळच्या फिंतासमधल्या आमच्या इमारतीत गॅस संपला, मग वीजही गेली. त्यातच त्यांच्या तीन वर्षांच्या लेकीला, ज्ञानदाला, जुलाब लागले. टाकीचं पाणी गढूळ. "उकळल्याशिवाय तिला घोटभरही द्यायचं नाही," सुचित्राबाईंनी बजावलं. पोरगी "मम्मी, वॉटर" करून रडत होती.

राजननी खजुरीच्या हिरव्या झावळ्या तोडल्या आणि गच्चीवर तीन विटांमध्ये ठासून भरल्या. नुसता धूर! अहो, ओलं जळण आधी स्वतःची ओल घालवत बसतं, हे माझ्या सतराव्या पानावर तुम्हीच लाल शाईने लिहिलंत ना? पण मी सांगणार कशी?

पोरीला शेजारच्या ताहिराआपांकडे सोपवून सुचित्राबाई वर आल्या. "सरका. चुलीत वारा खेळायला जागा नको?" झावळ्या उपसून त्यांनी फळांचं खोकं मोडलं, फळ्या रचल्या. त्या काही केल्या पेट धरेनात. त्यांनी हात पुढे केला. "कागद द्या."

राजननी मला छातीशी धरलं. "जुना पेपर नाही का?"

"कालच संपला."

खालून ज्ञानदाचं रडणं ऐकू येईनासं झालं होतं. रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं तिला. राजननी स्वतःच्या हाताने फिनलंड फाडला.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? रागही आला. मग स्वीडन गेला, डेन्मार्क गेला, आणि पाण्याला उकळी फुटली. चार दिवस हेच चाललं. पोरगी सावरली, तेव्हा कुठे आम्ही अम्मानमार्गे मुंबई गाठली.

आता १९९१चा उन्हाळा. राजन कामावर परतलेत, मलाही अहमदीत आणलंय. बाहेर इराकी सैन्याने पळताना पेटवलेल्या तेलविहिरी अजून जळतायत, भर दुपारी दिवा लावावा लागतो. एवढी आग, पण तिच्यावर कुणाचं कपभर पाणी तापत नाही. मला स्वस्थ बसवत नाही.

काल त्यांनी नवी वही आणली. आकडे पुन्हा मागवणार म्हणे. मागवा, राजन. मला खुशाल टाका. फक्त माझ्या शेवटच्या पानावर तुम्ही गच्चीत कोळशाने लिहिलेली ओळ आधी उतरवून घ्या:

"कुवेत. जळण: चार खोकी, एकशे एकोणनव्वद पानं. ज्ञानदा पाणी प्यायली."