अक्षरांतलं मीठ

रामहरीने टोपी हलवून मेंढीला हाकललं. ती दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा येऊन दगड चाटू लागली.

"आजी, ही जनावरं बाजूला घ्या. सरकारी दगड आहे हा."

"ठावं हाय की," लिंबाला टेकून बसलेली मायाक्का म्हणाली. तिच्या मांडीवर मिठाचं गाठोडं होतं. "दगुड सरकारचा, मीठ आमचं."

दगड सावलीत आडवा पडला होता. शंभर वर्षांपूर्वी या मुलखाचा पहिला नकाशा करत दक्षिणेकडे गेलेल्या तुकडीचा मुक्काम इथे पडला होता. त्याची आठवण म्हणून अक्कलकोटच्या रस्त्याकडेला पुढे कधीतरी हा दगड उभा केलेला. आता त्याभोवती लोखंडी कठडा बसायचा होता, आणि कठडा घेऊन गाडी परवा सोलापुराहून निघणार होती. त्याआधी जागा तपासून मजकूर उतरवून आणायचं काम बी.एस्सी. होऊन चारच महिन्यांपूर्वी कचेरीत लागलेल्या रामहरीकडे आलं होतं. नेमणूक अजून कायम झालेली नव्हती.

त्याने दगडावर कागद पसरून कोळसा घासला. दोन ओळी उमटल्या. तिसरीत, जिथे तुकडीच्या प्रमुखाचं नाव असणार, तिथे नुसता करडा पट्टा. त्याने कागद बदलला. पुन्हा तेच.

"काय शोधतुयास?"

"नाव. तुमच्या मेंढ्यांनी चाटून टाकलं."

"एका दिसात न्हाय काय. सासऱ्याच्या येळंपासनं चाटत्यात." ती हसली. "दुसऱ्या दगडावरचं मीठ वाऱ्यानं जातंय बग. ह्याच्या अक्षरात बसून ऱ्हातंय."

रामहरीने घड्याळ पाहिलं, जुन्या नोंदवहीची नक्कल काढली. मैलाच्या दगडापासून एकशे बारा फूट. मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं.

"आण हिकडं," मायाक्का उठली.

एकशे पंचावन्न भरले. त्याने पुन्हा मोजलं. एकशे पंचावन्नच.

"दगड त्रेचाळीस फूट सरकलाय."

मायाक्काच्या हातातून फीत सुटली.

"सासऱ्यानं आणला," ती हळू म्हणाली. "सडकंला गाड्या लई, मेंढरं बुजायची. चौघांनी वढत आणला सावलीला. आता कठड्यात घालतुयास व्हय?"

एकशे बारा फुटांवर जाऊन रामहरीने उघड्या मुरमात खुंटी ठोकली. परत आला, पुन्हा गेला, खुंटी सरळ आहे का पाहून आला. तोवर मेंढ्या दगडाभोवती जमल्या होत्या. एक कोकरू तिसऱ्या ओळीवरून जीभ फिरवत होतं.

त्याने तपासणीचा तक्ता उघडला. 'जागा: खुंटी ठोकून निश्चित केली. मूळ दगड: जागेवर नाही.' पेन्सिल थांबली. टोकदारच होती, तरी त्याने ती तासली. मग शेऱ्यात लिहिलं : 'नवा दगड घडवावा.'

"कठडा तिकडे बसेल," तो म्हणाला.

"आन ह्यो?"

"तो जागेवर नाही, एवढंच लिहिलंय. कुणी विचारलं तर कुठे आहे ते सांगावं लागेल मला."

"इचारत्याल?"

"आमच्याकडे सहसा विचारत नाहीत."

मायाक्काने अंगठा तिसऱ्या ओळीवरून फिरवला. "आनि चार वर्सं. मग समदाच सपाट हुईल."

रामहरीने पिशवी आवळली. मग परत सोडली. खुणा कोरायची छिन्नी आणि हातोडी काढून तो दगडाशी बसला, बाहीने मीठ झाडलं आणि पहिलं अक्षर खोल करू लागला. दोन ओळी होईपर्यंत ऊन पायावर आलं. तिसरीवर तो अडला.

"का रं?"

"इथे काय होतं ते माहीत नाही. अंदाजाने कसं कोरणार?"

"मेंढरांस्नी वाचायचंय व्हय ते?" मायाक्काने मिठाची मूठ भरून घेतली. "खोल कर, म्हंजी झालं."

रामहरीने खिशातून पट्टी काढली, ओळीची लांबी मोजली, आणि सरळ चर पाडायला एका टोकाला छिन्नी टेकवली.