बाप काळ्या की मोऱ्या

सारजाबाईंच्या युवराजची लहानपणापासूनची रीत होती. काही बिघडवलं की आधी हात धुऊन ताटावर बसायचा, अन् विचारलं की चटणी मागायचा. आज तो न्याहारी करूनही परत ताटावर बसला, तेव्हाच सारजाबाईंनी ओळखलं.

लोहाऱ्याहून नबीलाल बोकड न्यायला निघाले होते. गेल्या साली त्यांनी इथल्याच पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, नेल्या, सगळ्या काळ्या नावाच्या बोकडाच्या लेकी. आताचा बोकडही काळ्याचाच निघाला तर भाऊबहिणी एका कळपात, अन् पुढची पैदास किडकी. सारजाबाईंच्या दारचं जनावर म्हटल्यावर आजवर कुणी उलटून विचारलं नव्हतं.

शेळ्यांची वंशावळ सुनेनं, दीपमालानं, संगणकावर ठेवली होती. घरचा संगणक म्हणत होता, या बोकडाचा बाप काळ्या. युवराजचा लॅपटॉप म्हणत होता, दारचा दुसरा बोकड, मोऱ्या.

"म्या हातबी लावला न्हाय," युवराज म्हणाला. "चटणी हाय का?"

दीपमाला प्रोग्राम लिहीत बसली.

"हे काय गं?"

"आत्याबाई, डेटाबेसच्या पोटात एक खुणेचा क्रमांक असतोय. पडद्यावर दिसत न्हाय, प्रोग्रामातनं विचारावा लागतोय. जुनी प्रत परत टाकून तिथनं पुढं लिहाय लागलं, की त्यो आपसूक बदलतोय."

"म्हंजे फाटा फुटला की कळतंय?"

"व्हय."

"माझ्या पोटच्यापरीस बरं हाय. विचार त्याला."

दिवाळीला काढून ठेवलेली प्रत अन् घरचा संगणक, दोघांचा क्रमांक एकच आला. लॅपटॉपचा निराळा. सारजाबाईंना अक्षरं लागत नव्हती, पण दोन सारखे अन् एक वेगळा, एवढं त्यांना लांबूनही दिसलं. त्यांनी युवराजकडं पाहिलं.

"फाइल बिघडली व्हती," तो ताटाला म्हणाला. "दिवाळीची प्रत टाकली. पुढची करडं आठवून भरली."

"अन् बाप?"

"मोऱ्या लई हिंडायचा तवा. म्हणलं, त्योच आसंल."

बाहेर नबीलालांचा टेम्पो थांबला. युवराज हात धुवायला उठला.

"ऱ्हाऊ दे हात तसंच," सारजाबाई म्हणाल्या. "आधी भाईंना जाऊन सांग, बोकड मिळत न्हाय, अन् का मिळत न्हाय तेबी तूच सांग. त्या डबड्याला खोटं बोलता येत न्हाय, म्हणून शेळ्या आजपासनं त्याच्याकडं. तुझ्याकडं लेंड्या."